मुळशीत घर बांधलं, पण परसबाग पहिल्याच पावसात का वाहून जाते?

मे महिना. मुळशीतल्या नव्या घराची वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले. घरामागे तीन गुंठे मोकळी जागा. पुण्यात फ्लॅटच्या गॅलरीत चार कुंड्यांवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढी जागा म्हणजे लॉटरीच.

मग काय, रविवारी गाडी थेट नर्सरीत. दोन ट्रॉल्या लाल माती, लॉन, हापूसची दोन कलमं, एक चिकू, डझनभर गुलाब. संध्याकाळपर्यंत सगळं लावून झालं, फोटो फॅमिली ग्रुपवर गेले, मामांनी अंगठा दाखवला.

जुलै उजाडतो. लाल माती शेजारच्या प्लॉटवर गेलेली असते. लॉनचं तळं झालेलं असतं. गुलाब वरून हिरवे दिसतात, पण उपटून बघितलं तर मुळं काळी पडलेली. ऑगस्टमध्ये मागच्या बेडरूमच्या भिंतीला ओल येते. आणि कहर म्हणजे पुढच्या एप्रिलमध्ये, जे एकमेव चिकूचं झाड वाचलं होतं, तेही पाण्यावाचून वाळतं. बोअर आटलेली असते आणि दारात टँकर उभा असतो.

नर्सरीवाल्यानं फसवलं का? नाही. वास्तू लाभली नाही का? तेही नाही. गॅलरीतल्या कुंडीचा हिशोब मुळशीच्या जमिनीला लावला, एवढंच झालं. कुंडीत आपली काळजी एकच असते, पाणी घालायचं. मुळशीत काम दोन टप्प्यांत असतं. चार महिने पाणी घालवायचं आणि आठ महिने पाणी धरायचं. ही सोय झाली की झाडं फारशी तक्रार करत नाहीत. ती झाली नाही, तर कितीही महागडं कलम आणा, टिकत नाही.

ही सोय करायची कशी, तेच आज बघू.

एक तालुका, पण पाऊस एकसारखा नाही

"मुळशीत पाऊस खूप" हे वाक्य अर्धंच खरं आहे. मुळशीत नेमकं कुठे, हे विचारावं लागतं.

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे ढग कोकण ओलांडून सह्याद्रीला धडकतात, वर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. जसजसं पूर्वेला यावं तसतसे ते हलके होत जातात. मुळशी तालुका नेमका या उतरत्या पट्टीवर बसलाय. पश्चिमेच्या टोकाला ताम्हिणी, मध्ये मुळशी धरण, मग पौड आणि कोळवणचं खोरं, आणि पूर्वेला पिरंगुट, भूगाव, जिथून पुढे पुणे शहर सुरू होतं.

पुणे शहरात वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत तो पाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात जातो. २५ जुलै २०२४ ला सकाळपर्यंतच्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणजे पुण्याच्या जवळजवळ पाऊण वर्षाचा पाऊस एका दिवसात.

आता हे आपल्या अंगणात मोजून बघू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तीन गुंठे म्हणजे सुमारे ३०० चौरस मीटर. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तुमच्या प्लॉटवर ३० हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. त्या दिवशी ताम्हिणीत पडला तसा पडला, तर सोळा-सतरा टँकर. वरच्या प्लॉटवरून वाहत येणारं पाणी यात धरलेलंच नाही.

त्यामुळे भूगावला राहणाऱ्या मित्राची बाग बघून धरणाच्या पलीकडे तशीच बाग करायला जाऊ नका. तालुका एकच असला तरी दोघांवर पडणारं पाणी वेगळं आहे.

मग एप्रिलमध्ये टँकर का लागतो?

हा प्रश्न मुळशीत राहायला आलेला प्रत्येक जण पहिल्या उन्हाळ्यात विचारतो. एवढा पाऊस पडतो, मग पाणी जातं कुठे?

उत्तर आपल्या पायाखाली आहे. सह्याद्री बनलाय काळ्या बेसाल्ट खडकाचा, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. हा खडक स्पंजासारखा पाणी पीत नाही. भेगा आणि वरचा मुरूम जेवढं धरेल तेवढंच. माथ्यावर मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र, त्यामुळे बरंचसं पाणी ओढ्याला लागतं आणि निघून जातं. बोअर मारली म्हणून खाली नदी लागत नाही. भेग लागली तर पाणी, नाही तर नुसती धूळ.

दुसरं उत्तर इतिहासात आहे. मुळा आणि नीळा नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने शंभर वर्षांपूर्वी धरण बांधायला घेतलं. त्यात जमिनी जाणार म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ ते १९२४ मुळशी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते याच लढ्यात. लढा हरला, धरण झालं, आणि मुळशीचं पाणी आजही बोगद्यातून कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे उतरतं.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या लढ्यातली एक गोष्ट महत्त्वाची. बुडालेली जमीन साधीसुधी नव्हती. ती खोऱ्यातली भाताची खाचरं होती, आंबेमोहोर पिकवणारी. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास येणारा हा तांदूळ या मावळपट्ट्याची ओळख, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं, पायरीपायरीने खालच्या खाचरात सोडायचं आणि नको तेवढं ओढ्याला द्यायचं, हे तंत्र इथल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या येतं. आपण जे परसबागेत करणार आहोत, ते याच तंत्राचं छोटं रूप आहे.

२०१८ मध्ये आलेला 'मुळशी पॅटर्न' तुम्ही बघितला असेल. जमिनी विकल्यावर घराघरात काय झालं, ते त्यात आहे. पण जमीन विकली जाते तेव्हा आणखी एक गोष्ट हातची जाते. त्या जमिनीचं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ही माहिती सातबाऱ्यावर लिहिलेली नसते. ती विकणाऱ्याच्या डोक्यात असते आणि खरेदीखताबरोबर आपल्याला मिळत नाही.

ती मिळवायचा मार्ग सोपा आहे. चहा घेऊन गावातल्या जुन्या माणसाजवळ बसायचं आणि विचारायचं, "आजोबा, आमच्या प्लॉटवरनं पावसाचं पाणी कुठनं जायचं? इथं आधी काय होतं?" खाचर होतं, की माळ होता, की ओढ्याची जुनी वाट होती, हे एका वाक्यात कळतं. या एका वाक्याने पुढचे बरेच पैसे वाचू शकतात.

घरामागची माती ही माती नसतेच

आता जमिनीकडे येऊ. बांधकामाच्या वेळी जेसीबी सगळ्यात आधी वरचा वीतभर थर खरवडतो. झाडाला लागणारं अन्न, गांडुळं, जिवाणू, सगळं त्याच थरात असतं. तो थर कुठे तरी भरावाला जातो. मग उतार सपाट करायला मुरूम येतो. त्यावर मिक्सर धुतलेलं सिमेंटचं पाणी, प्लास्टरचे तुकडे, फुटक्या फरश्या, रंगाचे डबे. शेवटी रोलरने दाबून वर तीन-चार इंच लाल माती पसरतात आणि चावी हातात देतात.

म्हणजे वर माती, खाली रस्ता. पाऊस पडला की वरची माती भिजते, खालच्या दाबलेल्या मुरुमात पाणी शिरत नाही, आणि माती त्यावरून घसरत जाते. गुलाबाची मुळं कुजली ती यामुळे. त्यात सिमेंटमुळे भिंतीजवळची जमीन अल्कधर्मी झालेली असते, तर घाटाकडची मूळ जमीन भरपूर पावसाने धुपून आम्लधर्मी. एकाच अंगणात दोन टोकं.

हे तपासायला तीन गोष्टी करा. फारसा खर्च नाही.

पहिली, खड्डा. दीड-दोन फूट खोल खड्डा घ्या आणि पाण्याने भरा. जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचं पाणी काही तासांत जिरलं तर जमीन चांगली. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसलं, तर तिथे फळझाड लावायचं नाही. खड्डा घेताना विटा आणि राडारोडा किती निघतो, तेही कळतं.

दुसरी, बाटली. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात खाली बसते ती वाळू, काही तासांत बसतो तो गाळ, आणि दिवसभर पाणी गढूळ ठेवून सगळ्यात शेवटी बसते ती चिकणमाती. नुसती वाळू असेल तर पाणी टिकणार नाही, नुसती चिकणमाती असेल तर पाणी हलणार नाही.

तिसरी, माती परीक्षण. चार-पाच ठिकाणांहून वीतभर खोलीपर्यंतची माती घ्यायची, एकत्र करून सावलीत वाळवायची आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्यायची. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय किंवा कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करा. सामू साडेसहा ते साडेसातच्या आसपास असेल, तर बहुतेक भाज्या खूश असतात.

पहिला पावसाळा: लावू नका, बघा

हे ऐकायला कठीण वाटतं, पण मुळशीतल्या नव्या घरात पहिल्या पावसाळ्याचं मुख्य काम बघणं हेच आहे.

जून-जुलैत धो धो पाऊस चालू असताना गमबूट घाला, छत्री घ्या आणि घराभोवती एक चक्कर मारा. पाणी कुठून आत येतं, कुठे साचतं, कुठून बाहेर पडतं, याचे मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. ऑक्टोबरमध्ये ऊन पडल्यावर हे काहीच आठवत नाही, आणि तेव्हाच तुम्ही गवंड्याला बोलावणार असता.

घराच्या पायापासून जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. वरच्या अंगाने पाणी येत असेल, तर प्लॉटच्या वरच्या कडेने चर खणून ते बाजूने ओढ्याकडे किंवा गटाराकडे वळवायचं. शेजाऱ्याच्या दारात नाही सोडायचं. अनेक भांडणं इथूनच सुरू होतात. उतार जास्त असेल, तर खाचरांसारख्या पायऱ्या करायच्या, प्रत्येक पायरीला बांध आणि बांधाला पाणी सांडायला एक दगडी तोंड. बांधावर गवती चहा किंवा वाळा लावला की मुळांची जाळी माती धरून ठेवते.

डोंगर कापून सपाट केलेला प्लॉट असेल, तर मात्र हा विषय बागेपुरता राहत नाही. मागच्या संरक्षक भिंतीत ठराविक अंतरावर पाणी निघायला भोकं आहेत का, आणि ती मातीने बुजली तर नाहीत ना, हे दर मे महिन्यात बघायचं. भिंतीमागे साठलेल्या पाण्याचं वजन भिंत आडवी करू शकतं. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव मुसळधार पावसात दरडीखाली गेलं आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. प्रत्येक उतार तसा नसतो. पण जमिनीला नव्या भेगा, तिरके होत चाललेले खांब किंवा झाडं, अचानक गढूळ झालेला झरा, यातलं काही दिसलं तर बाग राहू द्या, आधी माणसं बाहेर काढा आणि प्रशासनाला कळवा. मागची दरड आणखी कापायचा विचार असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय जेसीबी लावू नका.

माती विकत आणू नका, तयार करा

मग पहिल्या वर्षी जमिनीत काहीच लावायचं नाही का? लावायचं, पण जमिनीसाठी.

पहिला चांगला पाऊस झाला की राडारोडा वेचून काढा, जमीन कुदळीने सैल करा आणि ताग पेरा. गुंठ्याला अर्धा ते पाऊण किलो बियाणं पुरतं. ताग भराभर वाढतो, हवेतला नत्र मुळांवरच्या गाठींत धरतो आणि माती वाहू देत नाही. दीड महिन्याने फुलं दिसायला लागली की कापून तिथेच मातीत गाडायचा. पाणी साचणारी जागा असेल तर ताग चालत नाही, तिथे धैंचा पेरा. त्याला ओले पाय चालतात.

स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि झाडांचा पालापाचोळा, यांचं खत हा दुसरा मार्ग. एक भाग ओला कचरा, दोन-तीन भाग सुका पाला, अधूनमधून वरखाली. मुळशीत एकच काळजी जास्तीची, खताच्या खड्ड्यावर पत्रा हवा. नाही तर जुलैत सगळं सत्त्व वाहून जातं आणि मागे फक्त वास राहतो.

इथले शेतकरी भाताच्या रोपांसाठी 'राब' करतात. म्हणजे उन्हाळ्यात शेणकूट, पाला, फांद्या पसरून जाळतात आणि त्या जागेत रोपं टाकतात. तणाचं बी जळतं, राखेतून पोषण मिळतं. ते भातापुरतं. परसबागेत पाला जाळायचा नाही. फेब्रुवारी ते मे डोंगर वाळलेला असतो आणि एका ठिणगीने वणवा लागतो. उलट घराभोवती आठ-दहा फुटांचा पट्टा गवत काढून मोकळा ठेवा, म्हणजे डोंगरावरचा वणवा कुंपणाच्या आत यायची शक्यता कमी होते.

घरातल्या सेंद्रिय कचऱ्यापासून माती बनवता येते, ही गोष्ट महाराष्ट्रात अनेकांना शिकवली ती कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ने. डॉ. नरेंद्र दाभोळकरांचे ते थोरले बंधू. प्रत्येकाने आपल्या छोट्याशा जागेत स्वतः प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि ती दुसऱ्याला सांगावी, हा त्यांचा आग्रह होता. एक वही करा. पहिली नोंद म्हणून त्या पावसाळ्यातल्या चकरा लिहा.

काय लावायचं, कधी लावायचं?

पावसाळ्यात जमिनीवर पसरणाऱ्या नाजूक पालेभाज्या सडतात. त्यामुळे जूनमध्ये वर चढणारी पिकं घ्या. दोडका, घोसाळं, काकडी, कारलं, पडवळ, दुधी. आळं करायचं नाही, उलट वीतभर उंच ढीग करून त्यावर बी टोकायचं. मांडव किंवा कुंपण त्यांना पुरतं. हळद आणि आलं मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर लावा, म्हणजे पाणी वाफ्याच्या बाजूने निघून जाईल. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे अळू, कर्दळ आणि केळ. ही मंडळी ते पाणी आनंदाने पितात. फक्त फिनेल आणि ॲसिडचं पाणी तिकडे सोडू नका.

पाऊस ओसरला की मुळशीतल्या बागेचा खरा हंगाम सुरू होतो. सप्टेंबरच्या शेवटी ते नोव्हेंबर या काळात मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, टोमॅटो, वांगी, मटार, वाल. गाडलेल्या तागाचा फायदा याच पिकांना दिसतो.

फळझाडं एका पावसाळ्याने पुढे ढकला. पाणी कुठे साचतं हे कळल्यावर, दुसऱ्या जूनमध्ये लावा. आंबा, फणस, जांभूळ ही इथलीच झाडं, पण ती मोठी होतात. घरापासून आणि सेप्टिक टँकपासून किमान वीस-पंचवीस फूट लांब ठेवा. शेवग्याच्या फांद्या वाऱ्यात सहज मोडतात, त्याला छपराजवळ जागा देऊ नका. पेरू, लिंबू, कढीपत्ता घराजवळ चालतात. कुंपणाला करवंद लावलं तर जाळी तयार होते, जनावर सहसा आत शिरत नाही आणि मे महिन्यात पोरांना डोंगरची मैना घरच्या घरी मिळते.

बी कुठून आणायचं, याचं उत्तर शोधायला थोडं उत्तरेला जावं लागतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्याच कुशीत, कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण गावोगावच्या बायकांनी मडक्यात, राखेत जपून ठेवलेलं देशी बियाणं त्यांनी गोळा केलं, आपल्या जागेत वाढवलं आणि 'बायफ' संस्थेच्या साथीने बियाणे बँक उभी केली. वाल आणि घेवड्याच्याच कितीतरी जाती त्यांच्याकडे आहेत. २०१८ मध्ये बीबीसीने जगभरातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

त्यांच्या कामाचं सार आपल्यासाठी सोपं आहे. जे बी त्या हवेत, त्या पावसात वर्षानुवर्षं टिकलंय, ते तिथे पुन्हा टिकायची शक्यता जास्त. म्हणून पाकिटातलं बी घ्यायच्या आधी शेजारच्या वाडीतल्या आजींना विचारा, "आजी, तुमच्याकडचा वाल देता का मूठभर?" बहुतेक वेळा बी मिळतंच, वर कधी लावायचं तेही ऐकायला मिळतं. आपलं पीक आलं की एक शेंग वेलावरच वाळवा आणि बी परत करायला विसरू नका. गावात नवं घर जुनं व्हायला ही देवाणघेवाण फार उपयोगी पडते.

आठ महिने पाणी धरायचं कसं?

आता हिशोबाचा दुसरा भाग. तुमच्या घराचं छप्पर १,००० चौरस फुटांचं आहे असं धरू, म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाला १,५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला, तरी छपरावरून १ लाख १० हजार लिटर पाणी मिळतं. माणशी दिवसाला १३५ लिटर धरले, तर चार माणसांच्या घराला हे २०० दिवस पुरेल. आणि आपण ते पन्हळीतून गटारात सोडतो.

सगळं साठवायला एवढी टाकी कोणी बांधत नाही. पण दहा हजार लिटरची झाकलेली टाकी बागेसाठी केली आणि दिवसाला २०० लिटर वापरले, तर ५० दिवसांची सोय होते, तीही ऐन एप्रिल-मेमध्ये. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी बाहेर जाऊ द्यायचं, मग पाइप टाकीकडे वळवायचा. उरलेलं पाणी शोषखड्ड्यात किंवा गाळणी लावून बोअरमध्ये. हा खड्डा घराच्या पायापासून आणि सेप्टिक टँकपासून लांब घ्या. टाकीचं झाकण घट्ट हवं, नाही तर डेंग्यूच्या डासांची पैदास आपल्याच घरी व्हायची.

झाडाच्या बुडाशी चार बोटं जाड पाल्याचं आच्छादन टाकलं की पाणी कमी लागतं. नव्या कलमांशेजारी भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरा आणि दोन-तीन दिवसांनी भरत राहा. पाणी थेंबाथेंबाने मुळाशी जातं. शनिवार-रविवारीच येणाऱ्यांसाठी तर ही युक्ती फारच कामाची.

या जागेत आपल्याआधी राहणारे

शेवटचा मुद्दा. आपण नवे आहोत, पण जागा कोणाची तरी आधीपासून आहे.

पावसाळ्यात मोठ्या शंखी गोगलगायी एका रात्रीत वाफा फस्त करतात. संध्याकाळी ओलं गोणपाट अंथरा, त्या त्याखाली गोळा होतात. सकाळी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप पुणे जिल्ह्यात आहेत. ते बागेत येतात ते उंदीर आणि लपायला जागा मिळते म्हणून. बांधकामाच्या उरलेल्या विटा, फळ्या, वाळलेलं लाकूड भिंतीला लावून ठेवणं म्हणजे त्यांना खोली भाड्याने देण्यासारखं आहे. गवत छोटं ठेवा, रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नका, ढिगात उघडा हात घालू नका. साप दिसला तर मारू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. चावलाच तर घट्ट दोरी बांधणं, जखम कापणं, मांत्रिक गाठणं यातलं काहीही करायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हलवू द्यायचा नाही, १०८ ला फोन करायचा आणि सर्पदंशावरची लस असलेल्या दवाखान्यात लवकरात लवकर पोचायचं. असा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे घरात राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यात शोधून फ्रिजवर लिहून ठेवा.

थोडक्यात वर्ष असं जातं. मेमध्ये चर, पन्हळी आणि भिंतीची भोकं साफ करायची. जूनमध्ये ताग पेरायचा आणि वेलांचं बी टोकायचं. जुलैत फक्त बघायचं. ऑगस्टमध्ये ताग गाडायचा, ऑक्टोबरमध्ये वाफे करायचे, हिवाळाभर भाजी खायची, फेब्रुवारीत गवत काढायचं आणि एप्रिलमध्ये साठवलेलं पाणी जपून वापरायचं. दुसऱ्या जूनमध्ये हापूसचं कलम आणायचं. तोवर ते कुठे लावायचं हे तुम्हाला नर्सरीवाल्याला विचारावं लागणार नाही.